साठ हजारांचा फरक आणि जुन्या मोटारीवरचे कर

प्रश्न : कुटुंबासाठी २०१९ सालची पेट्रोल मोटार घ्यायची आहे. एकाच मॉडेलच्या तीन गाड्या पाहिल्या. पुण्यातील डीलर ५ लाख ३० हजार सांगतो आणि ‘आम्हाला जीएसटी भरावा लागतो, म्हणून बाहेरच्यापेक्षा ६० हजार जास्त’ असे म्हणतो. शाहूपुरीतील एक व्यापारी स्वतःची गाडी ४ लाख ७० हजारांना द्यायला तयार आहेत. मात्र रोड टॅक्स पूर्ण भरलेला असल्याने उरलेल्या वर्षांचे वेगळे पैसे मागतात. बेळगावचे माझे मामेभाऊ कर्नाटक पासिंगची गाडी ३ लाख ९० हजारांना देतो म्हणतात. वडिलांच्या नावावरची २०१० सालची गाडी डीलर ४५ हजारांना बदल्यात घेईल. करांचा विचार करता कोणता व्यवहार बरा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण तिन्ही गाड्यांच्या किमती आणि प्रत्येक विक्रेत्याचे म्हणणे नेमकेपणाने कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. जुन्या मोटारीच्या व्यवहारात कर किती लागेल हे गाडी किती जुनी आहे यापेक्षा ती कोण विकतो, कोणत्या नात्याने विकतो आणि ती कोणत्या राज्यात नोंदलेली आहे यावर ठरते. आपल्यासमोरचे तिन्ही विक्रेते कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या जातकुळींचे आहेत, आणि ज्यांना आपण खासगी विक्रेते समजत आहात त्या व्यापाऱ्यांच्या गाडीवरच कदाचित सर्वांत जास्त जीएसटी लागू शकेल.

प्रथम डीलरचे म्हणणे तपासू. जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला जीएसटी भरावा लागतो हे खरे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत सर्व जुन्या मोटारींसाठी १८ टक्के हा एकच दर ठरला आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी मोठ्या मोटारींना १८ टक्के, तर लहान मोटारींना आणि जुन्या विजेवरील गाड्यांना १२ टक्के दर होता. मात्र हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नसतो. डीलरने गाडी ज्या किमतीला घेतली आणि ज्या किमतीला विकली त्यांतील फरकावर, म्हणजे बाजाराच्या भाषेत मार्जिनवर, तो आकारला जातो. गाडी तोट्यात विकली गेली तर मार्जिनच उरत नाही, आणि त्यामुळे करही लागत नाही. दर जाहीर झाला तेव्हा ५ लाखांच्या गाडीवर ९० हजार कर लागणार असा गवगवा झाला होता आणि त्या गैरसमजाचा लाभ आजही काही विक्रेते घेताना दिसतात.

आता ६० हजारांचा हिशेब करून पाहा. मार्जिनच्या १८ टक्के म्हणजे ६० हजार व्हायचे असतील तर मार्जिन सुमारे ३ लाख ३३ हजार असले पाहिजे. तसे असेल तर त्या डीलरने आज ५ लाख ३० हजारांना सांगितलेली मोटार कुणाकडून तरी जेमतेम १ लाख ३७ हजारांना उचलली असली पाहिजे. हे आपल्याला पटते का? २०१९ सालची चालती गाडी त्या भावात कोणी देत नाही. त्याने ती ४ लाख ४० हजारांना घेतली असे धरले आणि सांगितलेल्या किमतीत कर समाविष्ट असला, तर त्यातील जीएसटी सुमारे १३ हजार ७०० रुपये होतो. कर वेगळा लावला तर तो १६ हजार २०० रुपये होतो. उरलेले सुमारे ४५ हजार रुपये डीलरच्या जागेचे भाडे, गाडीची डागडुजी, हमी आणि नफा यांचे आहेत. ते मागण्याचा त्याला अधिकार आहे; पण त्या रकमेला सरकारी कर म्हणण्याचा नाही, कारण कर म्हटले की ग्राहक घासाघीस सोडून देतो.

म्हणून डीलरला दोन गोष्टी विचारा. पहिली ही की, गाडी त्याने स्वतः विकत घेतली आहे, की मूळ मालकाची गाडी तो केवळ दलालीवर विकत आहे? दलालीचा व्यवहार असेल तर गाडी मालकाकडून थेट आपल्याकडे येते आणि १८ टक्के जीएसटी फक्त त्याच्या दलालीवर लागतो. २० हजार दलालीवर ३ हजार ६०० रुपये. दुसरी ही की, ५ लाख ३० हजार ही सर्व करांसहित अंतिम किंमत आहे का, आणि तसे बिल तो देईल का? बिलात गाडीच्या संपूर्ण किमतीवर १८ टक्के लावलेले दिसले तर व्यवहार तेथेच थांबवा. गाडीची किंमत १० लाखांहून अधिक असती तर डीलरने आयकर कायद्याप्रमाणे आणखी १ टक्का रक्कम गोळा केली असती, जी खरेदीदाराला आपल्या आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते. आपल्या व्यवहारात तो प्रश्न येत नाही.

शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांचा प्रस्ताव मला अधिक बारकाईने पाहावासा वाटतो. जीएसटीची नोंदणी नसलेल्या व्यक्तीने स्वतःच्या वापरातील मोटार दुसऱ्या व्यक्तीला विकली तर त्यावर जीएसटी नाही. नोकरदार, निवृत्त किंवा शेतकरी मालकाकडून गाडी घेताना हा विषय संपतो. व्यापाऱ्याची स्वतःच्या नावावरची गाडी मात्र अनेकदा पेढीच्या हिशेबात असते. आरसीवर व्यक्तीचे नाव, कर्जाचे हप्ते पेढीच्या खात्यातून आणि दर वर्षी आयकरात गाडीवर घसारा (म्हणजे वापरामुळे गाडीच्या किमतीत धरलेली घट), ही पद्धत कोल्हापूरच काय, कोणत्याही बाजारपेठेत सर्रास आहे. अशा नोंदणीकृत व्यापाऱ्याने ती गाडी विकली की त्याच्यावर जीएसटीची जबाबदारी येते आणि तेथे मार्जिन वेगळ्या रीतीने काढले जाते. विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा होत नाही, तर घसारा वजा जाता पुस्तकात उरलेली किंमत वजा होते.

समजा, त्यांनी ती गाडी २०१९ साली सर्व खर्चासह ८ लाखांना घेतली आणि उतरत्या शिलकीवर, म्हणजे दर वर्षी उरलेल्या किमतीवर, १५ टक्के घसारा दाखवला. सहा वर्षांनी पुस्तकातली किंमत सुमारे ३ लाख उरते. गाडी ४ लाख ७० हजारांना विकली तर जीएसटीच्या दृष्टीने मार्जिन सुमारे १ लाख ७० हजार होते, जरी प्रत्यक्षात गाडी ३ लाख ३० हजारांच्या तोट्यात गेलेली असली तरी. त्यावर १८ टक्के म्हणजे सुमारे ३० हजार रुपये होतात. डीलरच्या व्यवहारातील कराच्या हे जवळपास दुप्पट आहे. हा कर भरण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते, आपली नव्हे. पण व्यवहार ठरल्यावर त्यांच्या सनदी लेखापालाने ही गोष्ट लक्षात आणून दिली की ते ३० हजार कोणाकडे मागितले जातील हे सांगायला नको.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी त्यांना विचारा की, गाडी व्यवसायाच्या ताळेबंदात आहे का आणि तिच्यावर घसारा घेतला आहे का? उत्तर नकारार्थी असेल आणि गाडी केवळ घरच्या वापराची असेल, तर मार्जिन खरेदी आणि विक्रीच्या किमतींतील साध्या फरकावर पाहिले जाते. वापरलेली गाडी तोट्यातच विकली जात असल्याने कर उरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर ‘४ लाख ७० हजार ही सर्व करांसह अंतिम किंमत’ असे विक्री करारात लिहून घ्या. कर वाचवण्यासाठी पावती कमी रकमेची आणि बाकीचे पैसे रोख, असा मार्ग सुचवला गेला तर तो नाकारा. पुढे वाद झाला तर आपण दिलेल्या पूर्ण रकमेचा पुरावा आपल्याकडे राहत नाही. शिवाय एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्यावर बसू शकतो, ही गोष्ट त्यांनाही नम्रपणे सांगता येईल.

राहिली त्यांची रोड टॅक्सच्या उरलेल्या रकमेची मागणी. महाराष्ट्रात खासगी मोटारीवर नोंदणीच्या वेळीच एकरकमी कर घेतला जातो. सध्याच्या दरांनुसार १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला तो किमतीच्या ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. हा कर वाहनाबरोबर जातो. राज्यातल्या राज्यात एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे नाव बदलताना तो पुन्हा भरावा लागत नाही आणि आधीच्या मालकाला त्यातले काही परतही मिळत नाही. एमएच ०९ पासिंगच्या गाडीचा जो बाजारभाव आहे त्यात ‘कर भरलेला आहे’ ही गोष्ट आधीच धरलेली असते. त्याच भावाने गाडी विकून वर उरलेल्या कराचे वेगळे पैसे मागणे म्हणजे एकाच वस्तूची दोनदा किंमत घेणे होय. ही मागणी मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या नावावर नोंदलेल्या मोटारींना आपल्या राज्यात वैयक्तिक मोटारींपेक्षा चढ्या दराने कर लागतो, आणि त्यांचे विक्रेते तर हा युक्तिवाद अधिकच जोराने करतात. त्यांनाही उत्तर हेच.

भरलेल्या कराचे खरे मोल बेळगावच्या गाडीत दिसते. आपल्या मामेभावांची गाडी ८० हजारांनी स्वस्त आहे, कारण तिच्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नाही. केए २२ पासिंगची गाडी आपण कोल्हापूरच्या पत्त्यावर घेतली की नावबदलाची नोंद कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावी लागेल. त्यासाठी बेळगावच्या कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागेल, नवा क्रमांक घ्यावा लागेल आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागेल. गाडीची मूळ किंमत ७ लाख होती असे धरले तर ११ टक्क्यांनी ७७ हजार होतात. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात घट मिळते. नेमका आकडा मूळ बिलाची प्रत आणि आरसी दाखवून कोल्हापूरच्या कार्यालयातूनच घ्यावा, एजंटाच्या अंदाजावर विसंबू नये. ‘बारा महिने तसाच क्रमांक चालतो’ असे आपल्याला कोणीतरी सांगेलच. मोटार वाहन कायद्यातील बारा महिन्यांची ती मुदत नव्या नोंदणी क्रमांकासाठी आहे; खरेदीदाराने मालकीबदल कळवण्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती तशीच लागू राहते.

कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा न वापरलेला भाग परत मागता येतो, हे खरे. पण त्यासाठी आधी येथे कर भरून नवी नोंदणी करावी लागते, नंतर तिचे पुरावे घेऊन तेथील कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि पैसे हाती येण्यास वेळ लागतो. तोपर्यंत दोन राज्यांचा कर त्या एका गाडीत अडकून राहतो. परताव्याचे पैसे आपले की मामेभावांचे, हेही आधीच कागदावर लिहून घ्या, कारण नात्यात हा विषय नंतर काढणे फार अवघड जाते. माझ्या हिशेबाने कर, बेळगावच्या खेपा आणि एजंट यांचा खर्च धरता ही गाडी महाराष्ट्र पासिंगच्या गाडीच्या भावाच्या बरीच जवळ येते. तिच्या बाजूने एकच भक्कम मुद्दा उरतो, तो म्हणजे गाडी कोणी, कशी वापरली हे आपल्याला घरचे म्हणून माहीत आहे. हा मुद्दा लहान नाही. मात्र तो कराचा नाही.

गाड्या पाहताना ‘बीएच’ क्रमांकाची एखादी गाडी समोर आली तर तेथेही थांबून विचार करा. २०२१ साली सुरू झालेल्या या मालिकेत कर एकदम न भरता सामान्यतः दोन-दोन वर्षांचा भरला जातो. केंद्र किंवा संरक्षण सेवेतील कर्मचारी अथवा अनेक राज्यांत कार्यालये असणाऱ्या कंपनीतील नोकरदार अशा पात्र व्यक्तीसाठी ही सोय आहे. पात्र नसलेल्या खरेदीदाराकडे अशी गाडी गेली की ती राज्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आणावी लागते आणि राज्याचा कर भरावा लागतो. त्यामुळे तिचा स्वस्तपणा बेळगावच्या गाडीसारखाच वरवरचा असू शकतो.

घासाघीस करताना आपल्या हाती असलेला सर्वांत प्रभावी मुद्दा मात्र जुन्या गाडीच्या नव्हे, तर नव्या गाडीच्या करातून येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. जी नवी गाडी पूर्वी शोरूममध्ये ६ लाख ४५ हजारांना होती, तिची करापूर्वीची किंमत ५ लाख होती; तीच आता ५ लाख ९० हजारांना पडते. राज्याचा कर किमतीच्या टक्क्यांत असल्याने तोही सुमारे ६ हजारांनी उतरतो. म्हणजे नव्या गाडीचा भाव सुमारे ६१ हजारांनी खाली आला. जुन्या गाडीचा भाव नेहमी नव्याच्या भावाला बांधलेला असतो, त्यामुळे ‘मी २०१९ साली इतके मोजले होते’ या वाक्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. त्या वेळी मोजलेल्या किमतीतला मोठा भाग तेव्हाच्या चढ्या कराचा होता आणि तो आपण भरून देण्याचे कारण नाही. विक्रेत्यांना आजच्या नव्या गाडीचा कोल्हापुरातील ऑन-रोड भाव दाखवा आणि तेथून खाली बोलायला सुरुवात करा. आपले मॉडेल लहान मोटारींच्या वर्गात बसत असेल, तर ५ लाख ३० हजार हा भाव मला केवळ जीएसटीच्या सबबीमुळे नव्हे, तर या कारणानेही जास्त वाटतो.

कर आणि किंमत दोन्ही पाहता माझा कल शाहूपुरीच्या गाडीकडे आहे. अट एवढीच की, व्यापाऱ्यांनी घसाऱ्याबद्दल सरळ उत्तर द्यावे, करांसह अंतिम किंमत लिहून द्यावी आणि उरलेल्या रोड टॅक्सची मागणी सोडावी. ते टाळाटाळ करू लागले तर डीलरकडे जा आणि ५ लाखांच्या आत, सर्व करांसह, लेखी हमीसह भाव मागा. गाडी कोणतीही घ्या, ‘वाहन’ संकेतस्थळावर तिचा कर भरल्याची नोंद, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

वडिलांच्या गाडीबद्दल मला थोडी अधिक काळजी वाटते. २०१० सालच्या त्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली आहे किंवा संपत आली आहे. पुढे वापरायची असेल तर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. डीलरने ती बदल्यात घेऊन महिनोन्‌महिने आवारात ठेवली किंवा नाव न बदलता पुढे कुणाला दिली, तर कराच्या नोटिसा, दंडाची चलने आणि अपघाताची भरपाई या सर्वांसाठी आरसीवरचे नाव शोधत लोक वडिलांकडेच येतील. गाडी विकलेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात सांगितले आहे.

यावर उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेतलेला डीलर, गाडी ताब्यात घेतल्याची सूचना ऑनलाइन दिली गेल्यावर, त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानला जाणारा, ठरतो आणि तेथून पुढची जबाबदारी त्याची होते. डीलरकडे हे अधिकारपत्र आहे का ते पाहा आणि नमुना २९-सी मधील सूचना दाखल झाल्याची पोच हाती आल्यावरच किल्ली द्या. अधिकारपत्र नसेल तर कोऱ्या नमुन्यांवर वडिलांच्या सह्या देऊ नका. प्रत्यक्ष खरेदीदाराच्या नावे हस्तांतरण होईपर्यंत थांबा किंवा गाडी अधिकृत भंगार केंद्रात द्या. आपले वडील व्यवसायासाठी जीएसटीखाली नोंदणीकृत नसतील तर या विक्रीवर त्यांना जीएसटी लागत नाही, आणि स्वतःच्या वापरातील मोटार भांडवली मालमत्ता मानली जात नसल्याने आयकरही लागत नाही. ४५ हजारांतून डीलर ‘जीएसटी’ कापू लागला तर तो त्याचा कर आहे, हे त्याला सांगा.

हस्तांतरणासाठी एजंट किती मागेल हे आपण विचारले नाही, तरी सांगून ठेवतो. हलक्या खासगी मोटारीच्या नोंदणीचे केंद्रीय शुल्क ६०० रुपये आहे आणि मालकीबदलाचे त्याच्या निम्मे, म्हणजे ३०० रुपये. स्मार्ट कार्ड व टपालाची किरकोळ रक्कम त्यावर येते आणि आपण कर्ज घेऊन गाडी घेणार असाल तर बोजाच्या नोंदीचे १५०० रुपये. राज्यातल्या राज्यातल्या व्यवहारात कोणी ‘ट्रान्सफर टॅक्स’ म्हणून हजारोंचा आकडा सांगितला तर त्याची सरकारी पावती मागा. मालकीबदलाचे नमुना २९ आणि ३० विक्रेत्यासमोर भरून घ्या, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांच्या आत कळवा. व्यापाऱ्यांच्या पॉलिसीवरील नो-क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याच्या हप्त्यातील तेवढा फरक आपल्याला भरावा लागेल; तो खर्च आताच हिशेबात धरा.